आखूड मानेची गिटार

जुन्या इलेक्ट्रिक गिटारी हुडकण्याचं त्याला वेड होतं, आणि त्या वेडाचा एकच नियम होता: मोठ्या नावाच्या वाटेला जायचं नाही. तिथे लोक नुसतं नाव बघून पैसे मोजतात. आपण बघायची ती शिकाऊंसाठी निघालेली, चाळीस वर्षं माळ्यावर धूळ खात पडलेली. दहातल्या नऊ टाकाऊ निघतात, दहावी असा आवाज काढते की नाववाल्यांनी तोंडात बोट घालावं. आपल्या दुरुस्तीच्या दुकानात त्याने अशा कितीतरी दहाव्या मार्गी लावल्या होत्या.

बँडमध्ये मात्र त्याला सगळे 'बदली' म्हणत. गिटारची जागा मुळात त्याच्या ताईची. दोन वर्षांपूर्वी ती जिन्यावरून पडली, डाव्या मनगटात धातूची पट्टी बसली आणि बोटं पूर्वीसारखी फाकेनात. ताई बरी होईपर्यंत म्हणून हा उभा राहिला. हात काही सुधारला नाही. ताई तालमीला येऊन मागच्या बाकावर बसायची आणि त्याच्या चुका काढायची.

एकदा तो जुन्या फर्निचरच्या दुकानात खुर्ची घ्यायला गेला. कपाटामागे एक बिननावाची गिटार उभी होती. मान सरळ, तारांचा आवाज टिपणारे दोन्ही पिकअप शाबूत. त्याने खिशातली टेप लावली. तारांची लांबी नेहमीपेक्षा चक्क तीन इंच कमी भरली, म्हणजे पट्ट्याही जवळजवळ, बोटं फार फाकवायला नकोत.

"खेळणं आहे हो ते," दुकानदार म्हणाला. "खुर्चीच्या भावात दोन्ही न्या."

ही ताईच्या हाताला बसेल, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. पाठोपाठ दुसरंही कळलं: मग आपण बँडमधून बाहेर. दोन वर्षांत पहिल्यांदाच लोक त्याला वाजवणारा म्हणून ओळखू लागले होते.

"राहू द्या," म्हणून तो नुसती खुर्ची घेऊन आला. स्वतःची लाज वाटली, पण आला.

शनिवारच्या तालमीत त्याची नजर मागे गेली. ताई चुका काढत नव्हती. तिची डावी बोटं बाकाच्या कडेवर गाण्याबरोबर चालत होती आणि अवघड जागा आली की अडत होती. त्यानंतर त्याचं वाजवण्यात लक्ष लागेना.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच तो फर्निचरवाल्याच्या दारात हजर. गिटार जागेवरच होती. दिवसभर खपून त्याने ती पुसली, नव्या तारा चढवल्या आणि मंगळवारी ताईपुढे ठेवली.

"पोराटोरांची आहे ही," ताई म्हणाली.

"हो. वाजव."

तिने ॲम्पला जोडली आणि सरळ ती अवघड जागाच धरली. बोटं पोचली. तिने पुन्हा धरली, पुन्हा पोचली. मग त्याच्याकडे न बघता तिने अख्खं गाणं वाजवलं. शेवटी डोळे पुसले, तेही न लपवता.

"कधी सापडली रे?"

काल म्हणता आलं असतं. "दिसली दहा दिवसांपूर्वी," तो म्हणाला. "आणली काल."

ताईने त्याच्याकडे नीट पाहिलं. सगळं तिच्या ध्यानात आलं असावं.

"मी तुझ्या जागी असते ना," ती म्हणाली, "तर महिना लावला असता."