पोचे काढलेली घागर

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची घागर आहे. आज मला पाहिलेत, तर तुमचा यावर विश्वास बसणार नाही. माझे अंग गुळगुळीत आहे, खांद्यावर एकही पोचा नाही, आणि उन्हात ठेवले तर अजूनही पाहणाऱ्याचे डोळे दिपतात. घरी आलेला पाहुणा सहज म्हणून जातो, "वा, नवी घेतली वाटतं!" ही स्तुती मला फार लागते. माझे सारे आयुष्य त्या पोच्यांत होते, आणि ते कुणा दुष्टाने नव्हे, एका सज्जन माणसाने काढून टाकले.

नगर शहरातल्या एका तांबटाने मला घडवले. मला विकत घेणारा माणूस लष्कराच्या कोठारात ओझी वाहायचा. त्याचे घर पारनेर तालुक्यातल्या एका गावात, वेशीबाहेरच्या वस्तीत होते. घरी मातीची मडकी टिकत नसत, म्हणून त्याने पोटाला चिमटा घेऊन मला आणले. मडकी का टिकत नसत, ते मला पहिल्याच सकाळी कळले.

त्याची लेक भागिरथी तेव्हा परकरी पोर होती. ती मला घेऊन गावच्या विहिरीवर गेली. वस्तीतल्या माणसांनी त्या विहिरीला शिवायचे नाही, असा रिवाज होता. ओट्याखालच्या दगडावर आपले भांडे ठेवायचे, मागे सरून उभे राहायचे आणि वाट पाहायची. वर पाणी शेंदणाऱ्या एखाद्या बाईच्या मनात आले, की ती आपला पोहरा उंचावरून खालच्या भांड्यात रिता करायची. भांड्याला भांडे लागता कामा नये, म्हणून उंचावरून. त्या धारेच्या जोराने रिकामे भांडे कलंडायचे. धरायला जवळ कुणी नसायचे. मडके असले तर फुटायचे. मी तांब्याची होते, मी फुटले नाही. माझ्या खांद्याला पोचा पडला.

रतनबाई नावाची एक बाई इतरांपेक्षा मायाळू होती. ती भागिरथीला फार वेळ ताटकळू देत नसे. "घे गं पोरी," ती वरून म्हणायची, "तुमच्यासाठी कुनी तरी पुन्य करायला पायजे का न्हाई?" आणि ती ओतायची, तीही तितक्याच उंचीवरून. माझ्या अंगावरचे कितीतरी पोचे त्या मायाळू हातांचे होते.

पुढे भागिरथीच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला. काही वर्षांनी वस्तीला स्वतःची विहीर झाली. लग्नानंतर भागिरथी मला घेऊन सुप्याला आली. आता मला कुणी आपटत नव्हते. हळूहळू घरात नळ आला, प्लास्टिकचे पिंप आले, आणि मी कोपऱ्यात काळवंडत राहिले. भागिरथीने मला कधी मोडीत घातले नाही, कधी घासलेही नाही.

तिची मुलगी जयमाला पुण्याला चित्रकला शिकली आणि नगरच्या एका शाळेत शिक्षिका झाली. एका सुट्टीत ती माझे चित्र काढत बसली असताना तिने विचारले, "आई, ही एकाच अंगाला एवढी कशी गं चेपली?"

भागिरथी भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही, पण त्या दिवशी प्रथमच तिने सगळे सांगितले.

सत्त्याण्णव साली, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त, नगरच्या एका सांस्कृतिक मंडळाने कलाप्रदर्शन भरवायचे ठरवले. विषय होता 'समाज आणि आपण'. जयमालाने चित्र दिले नाही. तिने मांडणशिल्प करायचे ठरवले: जमिनीवर एक दगड, दगडावर मी, आणि वर छताला दोराने टांगलेला लोखंडी पोहरा. आमच्या दोघांमध्ये माणसाच्या उंचीएवढी पोकळी. बाकी काहीही नाही. माझे पोचे पाहायचे तर प्रत्येकाला खाली वाकावे लागणार होते.

भागिरथी आधी तयार नव्हती. "घरातलं लोकांम्होरं कशाला मांडायचं?" असे ती म्हणत राहिली. शेवटी म्हणाली, "ने. आमी लई वर बघितलंय. एकदा त्यांनी खाली वाकून बघू दे."

मित्रांनो, तेवढीच तिची इच्छा होती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी जयमालाने मला सभागृहात आणून ठेवले, पोहरा टांगला आणि ती शाळेला गेली. दुपारी मंडळाचे कार्यवाह मच्छिंद्रराव फेरी मारायला आले. मंडळासाठी राबणारे, कुणाला न दुखावणारे असे ते गृहस्थ. मला पाहून ते हळहळले.

"अरेरे, काय अवस्था ही! बिचाऱ्या मॅडमना घाईत घासायलाही वेळ मिळाला नाही. प्रमुख पाहुण्यांसमोर अशी ठेवली, तर त्यांचंच हसं होईल."

मी ओरडले असते, पण घागरीला तोंड असते, आवाज नसतो. त्यांच्या सांगण्यावरून शिपायाने मला सायकलच्या कॅरियरला बांधले आणि तांबटाकडे नेले. तांबटाने मला लोखंडी दांड्यावर अडकवले आणि लाकडी मोगरीने एकेक पोचा उचलला. त्याचा हात कसबी होता. रतनबाईचे पोचे गेले. पहिल्या सकाळचा पोचा गेला. मग चिंचेने घासून त्याने माझे काळेपण उतरवले. मी परत आले तेव्हा मच्छिंद्ररावांचा चेहरा उजळला. "आता कशी शोभते!" ते म्हणाले, आणि त्यांना आणखी एक चांगली कल्पना सुचली.

दुसऱ्या दिवशी प्रवेशद्वाराशी, पांढरे कापड घातलेल्या चौरंगावर मी उभी होते. पोटात पाणी, गळ्यात आंब्याची पाने, वर नारळ, आणि ज्या खांद्यावर पोचे होते तिथे कुंकवाचे स्वस्तिक. जिला शिवायला लोक भीत होते, तिचा त्यांनी मंगल कलश केला होता. प्रमुख पाहुण्यांनी मला हळद वाहिली. येणारे माझ्यासमोर वाकत होते, पण नमस्कारासाठी. काहींना माझ्या लखलखीत पोटात स्वतःचा चेहरा दिसला. एका बाईंनी तर त्यात पाहून केस नीट केले. आत रिकाम्या दगडावर पोहरा लटकत होता, आणि कुणीतरी विचारत होते, "हे अजून पूर्ण व्हायचंय का?"

तेवढ्यात जयमाला आईला घेऊन आली. भागिरथीने इस्त्रीचे पांढरे लुगडे नेसले होते. ती माझ्यासमोरून पुढे गेली. आत जाऊन तिने दगड पाहिला आणि विचारले, "आपली घागर कुठंय गं?"

तिने मला ओळखले नव्हते. तांबटाच्या मोगरीपेक्षा ते वाक्य मला जास्त लागले.

मच्छिंद्रराव हसत पुढे आले. "मावशी, ही काय दारात! मानाच्या जागी बसवलीय. सगळे पोचे काढून घेतले बघा."

जयमालाचा चेहरा पांढरा पडला. "कुणाला विचारून काढलेत?" ती म्हणाली. "सर, ते पोचे हेच तर प्रदर्शन होतं!"

"मॅडम, चांगल्यासाठीच केलं हो. मला काय माहीत?"

जयमालाने नारळ, पाने बाजूला केली, आतला दगड उचलून आणला आणि माझ्यावर उगारला. लोक मागे सरले. भागिरथीने लेकीचे मनगट धरले.

"न्हाई, जयू. तू पाडशील त्यो पोचा तुझा. माझा न्हाई त्यो."

जयमालाच्या हातून दगड खाली गेला. मच्छिंद्रराव पुन्हा म्हणाले, "मावशी, खरंच सांगतो, मनात वाईट काही नव्हतं. चांगल्यासाठीच..."

"व्हय," भागिरथी शांतपणे म्हणाली. "इहिरीवर बी चांगल्यासाठीच वतायचे. आन् तवा बी कुनी इचारलं न्हाई, का जवळ येऊन वतू म्हनून."

मच्छिंद्ररावांनी मान खाली घातली. त्या सबंध दिवसात खाली पाहणारा तो एकच माणूस.

भागिरथीने माझ्यातले पाणी बाहेर झाडाला घातले, पदराने कुंकू पुसले आणि मला कमरेवर घेतले. कोपऱ्यात पडल्यापासून कमरेवर बसायची माझी ही पहिली वेळ. चौरंगाच्या कापडावर माझ्या बुडाचा ओला गोल उमटला होता. आम्ही पायऱ्या उतरेपर्यंत शिपायाने ते कापडही बदलले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझा फोटो आला. खाली लिहिले होते, मंगल कलशाच्या पूजनाने प्रदर्शनास प्रारंभ.

मित्रांनो, आता मी सुप्याच्या घरी आहे. मला घासायची नाही, अशी भागिरथीची सक्त ताकीद आहे. माझे काळेपण हळूहळू परत येत आहे. पोचे येणार नाहीत. वस्तूंची काळजी घ्या, असे तुम्हाला शाळेत शिकवतात. जरूर घ्या. पण दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी, अगदी तिच्या भल्यासाठी लावत असलात तरी, ज्याची ती वस्तू आहे त्याच्या जवळ जा आणि विचारा.

कालच शेजारीण म्हणाली, "काकू, नवी घागर का?"

भागिरथीने माझ्या खांद्यावरून, जिथे काही उरले नाही तिथून, बोट फिरवले. "व्हय," ती म्हणाली, "नवी केलीया."