मागची खिडकी

"ते खिडकी फोडाले पहिला घन मी घालीन!" प्रसेनजित भर सभेत ओरडला. मागं बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याची थोरली बहीण रत्नमाला पुढच्या खुर्चीवर होती. तिने मागं वळून पाहिलं नाही.

रिसोडच्या जुन्या धर्मार्थ दवाखान्याच्या दगडी इमारतीत ती कित्येक वर्षं संग्रहालय चालवत होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर तर तिचा सारा दिवस तिथंच जाई. शिरपूरकडच्या शेतांत नांगराला लागलेले कोरीव दगड, किन्हीराजाहून बैलगाडीत घालून आणलेला लाकडी घाणा, धान्याची जुनी मापं, सगळं तिने दारोदार फिरून जमवलेलं. इमारत मात्र एका खासगी न्यासाची. न्यासाने आता ती पाडून दुमजली दुकानसंकुल बांधायचं ठरवलं होतं. काम अमरसिंग ठेकेदाराकडं. रस्ता रुंद होताना ज्यांची दुकानं गेली त्यांना गाळे देतो, असं त्याने सांगितलं होतं. प्रसेनजितचं मोटर रिवाइंडिंगचं दुकानही त्यातच गेलेलं. शेतकऱ्यांच्या जळक्या मोटरींत तो बसस्टँडमागं ताडपत्रीखाली बसून नवी तार भरायचा. रत्नमालेने धर्मादाय कार्यालयात हरकत घेतली आणि सगळ्यांचे गाळे लटकले.

सभेनंतर त्याने तिला पायरीवरच गाठलं.

"ज्या पायरीवर आपल्या बापाले चढू देलं नाई, तिची पूजा करून राह्यली तू?"

"पूजा नाई करत. ते खिडकी लोकायले दाखवाची हाये मले."

त्या खिडकीखाली त्यांचे वडील, जानराव, लहानपणी तापाने फणफणत उभे राहिले होते. गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसांनी मागच्या अंगणात थांबायचं, धोतराचा पदर पसरायचा, आणि कंपाउंडरने वरून पुड्या टाकायच्या. हातात हात लागता कामा नये.

"हे पाडलं का उद्या कोणीबी म्हणंल, असं झालंच नोतं," ती म्हणाली.

"म्हणू दे. मले दुकान पाह्यजे. बापाचं दुखणं काचेच्या कपाटात ठेवून मी खाऊ काय?"

त्या दिवसापासून बोलणं तुटलं. भावजय पल्लवी रस्त्यात दिसली तर वाट बदलायची. गाळ्याची आस लावून बसलेली भाजीवाली धनीबाई रत्नमालेला पाहून तराजू खाली ठेवायची, म्हणायची, "नाई भाजी. पुढं जा." एका सकाळी घराच्या दाराला काळपट, चिकट काहीतरी फासलेलं होतं. तिने बोट लावून वास घेतला. मोटरीच्या तारांना लावतात ते वार्निश होतं. ती रॉकेलने दार घासत बसली. शेजारीण विचारायला आली तेव्हा म्हणाली, "रंग सांडला."

इमारत वाचवायला वाशिमच्या काही मंडळींनी समिती केली होती, पण तिथंही तिचं जमेना. अध्यक्ष निवृत्त वकील. त्यांनी दगडी कमानींवर छान मजकूर लिहून आणला. खिडकीबद्दल त्यात चकार शब्द नव्हता.

"रत्नमालाबाई, जुनं कशाला उकरायचं? आपल्याला सगळ्यांना सोबत घ्यायचंय."

"जुनंच तर वाचवून राह्यलो ना आपण, साहेब? मंग त्यातलं तुमाले आवडंल तेवढंच कायले?"

"तुम्ही भांडणं लावता."

"मी लावत नाई. लागलेलीच होती."

अध्यक्ष कागद घडी करून निघून गेले. पुढच्या बैठकीचा निरोप तिला आला नाही.

सुनावणी चार दिवसांवर आली असताना रविवारी दुपारी अमरसिंगचा जेसीबी मागच्या अंगणात घुसला. भिंतच उरली नाही तर सुनावणी कशाची, असा त्याचा हिशेब. गाळेवाले जमले होते. प्रसेनजित सगळ्यांच्या पुढं होता. रत्नमाला धावत आत गेली आणि खिडकीत बसली, पाय बाहेर सोडून. जेसीबीच्या दातांनी बाजूचा कोपरा उचकटला. दगड कोसळले, धुळीने तिचं तोंड भरलं.

"उतर खाली!" प्रसेनजित ओरडला. "मरशील!"

"मरू दे. तुले दुकान भेटंल."

तो तिचा दंड धरून ओढू लागला. तिने त्याच्या मनगटाला चावा घेतला. लोक हसले. तेवढ्यात अमरसिंग वैतागून म्हणाला, "अरे, उचला त्या बाईले! या लोकायले फुकटात काही देलं तरी तमाशाच पाह्यजे."

प्रसेनजितने तिचा दंड सोडला.

"या लोकायले म्हंजे?"

"अबे, तुले नाई म्हटलं. तू आपला माणूस हायेस."

"या लोकायले म्हंजे कोणाले?"

अमरसिंगने हात झटकला आणि ड्रायव्हरला खूण केली. प्रसेनजित जेसीबीवर चढला, किल्ली उपसली आणि अंगणातल्या विहिरीत टाकली. मग अमरसिंगच्या माणसांनी त्याला खाली ओढून मारलं. ओठ फाटला, शर्ट फाटला. गाळेवाल्यांतला एकही पुढं आला नाही.

रत्नमाला पदराने त्याचं रक्त पुसायला गेली. त्याने तिचा हात झिडकारला.

"तुह्यासाठी नाई केलं. दूर हो."

सुनावणीत हा आधीच पाडलेला कोपरा पुरावा म्हणून तिच्या कामी आला. पाडकामाला मनाई झाली, इमारत राहिली. बाकीच्यांना अमरसिंगने दुसऱ्या जागेत गाळे दिले. प्रसेनजितचं नाव वगळलं. तो बिऱ्हाड घेऊन शिरपूरला गेला. रत्नमालेने कोपरा बांधून घेतला आणि खिडकीखाली पाटी लावली. वडिलांच्या नावासकट सगळं लिहिलं.

महिनाभराने ती एसटीने शिरपूरला गेली. टिनाच्या शेडमध्ये प्रसेनजित तांब्याची तार गुंडाळत होता. पल्लवीने पाण्याचा पेला पुढं केला. त्याने मान वर केली नाही.

"पाटी लावली," ती म्हणाली.

"वाचली."

"कवा आला होता?"

"बाबाचं नाव कायले टाकलं तिच्यावर? मले इचारलं होतं? ते काय तुह्या एकटीचेच बाप होते?"

तिला खरोखरच ते सुचलं नव्हतं. साऱ्या गावाशी भांडताना याला विचारायचं राहून गेलं होतं.

"काढू काय नाव?"

"आता काढून काय करतं? साऱ्या गावानं वाचलं."

त्याने मशीन सुरू केलं. तिने पाणी संपवलं, पेला पल्लवीच्या हाती दिला आणि परतीच्या बससाठी रस्त्यावर येऊन उभी राहिली.