राखलं म्हणून कुरण

वल्लरीला यायचं होतं हिरव्यागार कुरणात. आली ती माझ्याकडं. मी कुरण बोलतंय, माण तालुक्यातल्या खडकाळ उतारावरचं, गुडघाभर पिवळ्या गवताचं.

घरच्यांनी गाव सोडलं तेव्हा ती तान्ही होती; पुढं लांबच्या विद्यापीठात तिनं मराठेशाहीतले कागद वाचले होते. त्यात आमच्या गावाच्या नावापुढं ‘कुरण’ दिसलं, की तिच्या डोळ्यांपुढं गर्द झाडी नि थंडगार सावली उभी राहायची. मला पाहून तिचा चेहराच उतरला. “इथलं जंगल कुणी तोडलं?” तिनं विचारलं.

माझ्यात जंगल कधी नव्हतंच. त्या काळी लष्कराच्या घोड्यांना गवत लागायचं, म्हणून माझ्या सीमा आखल्या गेल्या. पुढं घोडे गेले, गवत राहिलं, आणि गावानं नेमही सोडला नाही. पावसाळाभर आत जनावर सोडायचं नाही. विळा लावायचा तो दसरा झाल्यावर. कापणीनंतर मेंढरं येतात, लेंड्या टाकतात, मी पुन्हा उगवतं. सुखाचं आयुष्य माझं!

वल्लरीनं ग्रामसभेत बेत मांडला: मला तारेचं कुंपण आणि आत झाडंच झाडं. बोलताना तिचे डोळे असे चमकत होते म्हणे, की गावच्या लेकीचं मन मोडायला कुणी धजलं नाही. सगळ्यांनी हात वर केले. माझ्या मुळांना मात्र कापरं भरलं. सावलीत माझं गवत जगत नाही.

रोपांचा टेंपो यायच्या आदल्या दिवशी माझी कापणी होती. वल्लरीही आली. मेंढरं राखणारी चंद्राबाई विळा थांबवून म्हणाली, “बाय, उद्या कुंपण घातलं की मेंढरं कुठं चारू? तुझ्या माडीवर?”

“थोडीच वर्षं, मावशी. मग इथं जंगल होईल.”

“आन् तवर मेंढरांनी एकादशी धरायची व्हय?” सरपंच भाऊसो म्हणाले. हशा पिकला.

वल्लरी गोरीमोरी झाली. “मग सभेत का बोलला नाहीत?”

“आगं, एवढ्या लांबनं शिकून आलीस. आल्या आल्या तोंड कसं पाडायचं तुजं?” भाऊसो म्हणाले.

वल्लरीनं नजर कापलेल्या गवताकडं वळवली. मग एका पट्टीकडं बोट दाखवून म्हणाली, “हे गवत वेगळं का रचताय?”

“तुज्याच घरचा वाटा हाय त्यो,” चंद्राबाई म्हणाली. “तुमी गाव सोडल्यापास्नं आमीच कापतुय. तुमच्या घरामागच्या परड्यात गवताची गंज रचतुय. ज्याची वैरण सरंल, त्यो तिथनं नेतुय.”

वल्लरीनं त्या वाट्यातली एक पेंढी उचलून घेतली. “कागदात ‘कुरण राखावे’ असं स्पष्ट लिहिलेलं असायचं,” ती हळूच म्हणाली. “मी कुरण तेवढं वाचलं. राखणारी माणसं वाचलीच नाहीत.”

“मग आता राख की!” चंद्राबाईनं टोला हाणला.

संध्याकाळी मी कापून हलकं झालं होतं. वाचकहो, तुमच्याही गावाबाहेर असा पिवळा माळ असेल. त्याला ओसाड म्हणण्याआधी, तो कुणी राखलाय का, एवढं विचारा.

दुसऱ्या दिवशी उजाडता टेंपो आला. वल्लरी आडवी उभी राहिली. करंज, जांभूळ, सगळी रोपं तिनं ओढ्याकाठी वळवली. तारेची भेंडोळी परत धाडली. मग भाऊसोंना म्हणाली, “आवं काका, येत्या पावसाळ्यात राखणीची पहिली पाळी माझी. मी आता गावातच राहणार हाय.”