हरणाबाईच्या सुरीची मूठ

रहिमतपुराहून औंधाकडं जाणारा रस्ता रुंद करायचं ठरलं आणि वाटेतल्या चिंचा आडव्या आल्या. चिंचा दीडशे वर्षं तिथंच उभ्या होत्या, डांबर मागनं आलं. पण आडव्या आल्या त्या चिंचाच. चार दिवसांत सगळ्या भुईसपाट. त्या तोडायला कुणाची परवानगी लागली की नाही ते देव जाणे. लालासाहेबानं मात्र फाट्यावरच्या चिंचेचा हातभर ओंडका स्कूटरवर घातला, तर घर येईपर्यंत तिघांनी अडवून विचारलं, "परवाना हाय का?" बाकीची चिंच ट्रकनं वीटभट्टीला गेली. तिला कुणी काही विचारलं नाही.

लालासाहेब फौजेतला हवालदार. वर्कशॉपात हयात गेलेली, तेव्हा पेन्शन घेऊन पारावर पाय हलवत बसणं काही त्याला जमेना. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचं पोलाद ठोकून तो सुऱ्या करायचा आणि पडलेल्या झाडांचं लाकूड आणून त्यांना मुठी बसवायचा. लोक मयताला जातात तसा हा झाड पडलं की जायचा. फरक एवढाच की येताना काहीतरी घेऊन यायचा.

पण हा ओंडका साधा नव्हता. म्हाताऱ्या चिंचेच्या पोटात काळाभोर गाभा असतो, दगडासारखा. तासून तासून तो एका मुठीपुरता निघाला आणि त्याची धनीण आधीच ठरलेली होती. हरणाबाई. फाट्यावरच्या त्या चिंचेखाली चाळीस वर्षं कलिंगडाच्या फोडी विकणारी. सकाळी बुंध्याच्या मावळतीकडं बसायची आणि ऊन कललं की टोपली उचलून उगवतीकडं. सावली जाईल तिकडं हरणाबाई. चिंच पडली त्या दिवशी ती रडली नाही, कुणाला शिव्याही दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "लालासाब, माझ्या सुरीची मूठ निखळलीया. हिचीच बसव की रं. तेवढी तरी हातात ऱ्हाईल."

लालासाहेबाला गलबलून आलं. पण फौजी माणूस, कामात लबाडी करणार नाही. ओल्या लाकडाची मूठ बसवली तर ती वाळून आकसते आणि पातं डगडगतं. तडकू नये म्हणून त्यानं गाभ्याच्या दोन्ही टोकांना मेण फासलं आणि तो माळ्यावर ठेवून दिला. दीड वर्ष हरणाबाई सुरीला चिंधी गुंडाळून फोडी कापत राहिली. दर बाजारादिवशी विचारायची, "वाळलं का रं?"

"न्हाई अजून, मावशे."

"मी वाळायच्या आत वाळू दे म्हंजे झालं."

आणि लाकूड एकदाचं वाळलं, तर वीरधवलदादांना झाडांचा पुळका आला. दादा म्हणजे तालुक्याचे पुढारी. हेच ते, ज्यांनी रस्त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. आता त्याच रस्त्याच्या कडेला एकशे एक रोपं लावायची होती. दादांचा उजवा हात शंभूराज लालासाहेबाच्या दारात येऊन उभा राहिला.

"काका, दादांना फीत कापायला सुरी पायजे. मूठ त्याच चिंचेची. दादांचा त्या झाडावर लय जीव व्हता."

"ते दिसलंच की," लालासाहेब म्हणाला.

"तुमच्याकडं गाभा हाय म्हणं. परवाना काढलाय न्हवं त्याचा?"

हे चौथ्यांदा. नाही म्हणावं तर गाभा जप्त, द्यावा तर म्हातारीला तोंड कसं दाखवायचं? दीड वर्ष तिला वाळवलं ते काय या फितीसाठी? लालासाहेब म्हणाला, "चार दिवसांनी या."

शंभूराज गेला तसा त्यानं परड्यातली मोडकी खाट पालथी केली आणि तिचा बाभळीचा एक पाय कापला. त्याची मूठ केली आणि चहाचा चोथा अन् गंजके खिळे घातलेल्या पाण्यात ती उकळून काढली. बाभूळ काळीठिक्कर पडली. वरनं तेलाचा हात. मग हात धुऊन, शांतपणे, त्यानं खरा गाभा हरणाबाईच्या सुरीला बसवला.

कार्यक्रम दणक्यात झाला. दादांनी फीत कापली, सुरी उंच धरली. "या मुठीत आपल्या चिंचेचा आत्मा आहे," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. खाटेच्या पायाला एवढा मान तिच्यावर झोपणाऱ्या कुणालाही मिळाला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लालासाहेबानंही वाजवल्या, जरा जास्तच.

मग पाहुण्यांना कलिंगड. हरणाबाई जुन्या जागी, रणरणत्या उन्हात फोडी कापत होती. दादा फोटोवाल्याला घेऊन तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचं लक्ष तिच्या हाताकडं गेलं.

"आज्जी, मूठ झकास आहे. कसलं लाकूड?"

शंभूराजानं मान वळवली. लालासाहेब गर्दीतनं पुढं सरकला.

हरणाबाईनं मान वर केली नाही. "घरचं हाय," म्हणाली आणि फोड पुढं केली.

दादांनी फोड खाल्ली, फोटो झाला. तेवढ्यात ऊन कललं. हरणाबाईनं सुरी कनवटीला खोचली, टोपलीला हात घातला आणि दादांना म्हणाली, "आवं दादा, जरा सरका. सावली तिकडं आली."

दादा पटकन सरकले. सरकल्यावर त्यांनी खाली बघितलं, मग वर बघितलं. वर नुसतं आभाळ होतं. शंभूराज हसायला गेला, पण दुसरं कुणीच हसेना.

लालासाहेबानं टोपलीचा दुसरा कान धरला. दोघांनी ती उगवतीच्या अंगाला नेऊन ठेवली. हरणाबाई पदर सावरून बसली, चिंचेला टेकायची तशी जरा मागं रेलली आणि त्याच्याकडं बघून म्हणाली, "उनात का हुबा ऱ्हायलास? आत ये की."

लालासाहेब चपला काढून तिच्याशेजारी बसला.