टनभर पाणी

मित्रांनो, मी एक जुना मालट्रक आहे, आणि मी चिडलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही. म्हाताऱ्या यंत्रांनी गोड गोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असते. मला नाही जमत. जॉर्डनमधल्या माआन गावाबाहेर भंगारवाल्याच्या आवारात मी उभा आहे, केबिनमध्ये वाळू साचली आहे आणि माझे दोन्ही दिवे कुणीतरी काढून नेले आहेत. अशा परिस्थितीत तुम्ही तरी गोड बोलला असता का?

माझा जन्म जर्मनीतला. तिथं मी शेतातून साखर कारखान्यात बीट वाहायचो. दर आठवड्याला आंघोळ, वेळेवर तेलपाणी, सगळं कसं शिस्तीत. मग एक दिवस मालकाला मी जुना वाटलो आणि त्यानं मला जहाजात चढवून जॉर्डनला पाठवून दिलं. अकाबाच्या बंदरात मी ऊन खात पडलो होतो, तेव्हा अबू नायफ आला. मला गोल प्रदक्षिणा घातली, इंजिनाला कान लावला, एका चाकाला लाथ मारली आणि म्हणाला, "चल, बाबा." त्याच्या बायकोनं लोकरीचे लाल-काळे गोंडे विणून माझ्या काचेवर टांगले. माझ्यासारख्या जर्मन गड्याला गोंडे! सुरुवातीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग आवडायला लागले.

आमचं काम सरळ होतं. अकाबाच्या बंदरावर जव भरायचे आणि वर कतरानाच्या गोदामात नेऊन ओतायचे. तिकडच्या मेंढ्या-बकऱ्या पाऊस झाला नाही की या जवांवर जगतात, आणि पाऊस बहुतेक होतच नाही. मधे नकबची चढण लागते. भलेभले ट्रक तिथं धापा टाकत रस्त्याकडेला उभे राहतात. मी कधी उभा राहिलो नाही. बाकीचे ड्रायव्हर अबू नायफला म्हणायचे, "तुझा म्हातारा अजून तरुण आहे रे." ते ऐकलं की मी पुढच्या वळणावर जरा जास्तच जोर लावायचो.

पण माझी एक तक्रार होती. तिकडं प्रत्येक ट्रकला पाण्याची टाकी असते, नमाजाआधी वजू करायला आणि चहाला पुरेल एवढी. अबू नायफनं मात्र माझ्या पोटाखाली टनभर पाणी मावेल अशी जाडजूड लोखंडी टाकी जोडून घेतली होती. अकाबात घराच्या नळाला पाइप लावून तो ती काठोकाठ भरायचा, मग बंदरावर जव भरायचा, आणि ते सगळं घेऊन मी नकब चढायचो. चढणीवर पोटाखाली डुचमळणारं पाणी म्हणजे काय छळ असतो, ते तुम्हाला कळायचं नाही. आणि एवढं करून ते पाणी आम्ही प्यायचो कुठं? चढण संपली की मोठा रस्ता सोडून थोडं आत जायचं आणि उम्म सुवैलमच्या तंबूपाशी सगळी टाकी रिकामी करायची.

उम्म सुवैलम म्हणजे एकटी राहणारी बदू, वाळवंटातल्या भटक्या जमातीतली म्हातारी. मुलं शहरात गेली, ती गेली नाही. जवळची विहीर आटली, तरी हलली नाही. तिच्याकडं बकऱ्या होत्या आणि जिभेला धार होती. कुणी मदत केलेली तिला मुळीच खपायचं नाही. एकदा कुणीतरी पिठाचं पोतं ठेवून गेला, तर तिनं त्याच्या दारात बकरीचं पिल्लू बांधलं आणि पुन्हा त्याच्याशी बोलली नाही. हे अबू नायफला ठाऊक होतं. म्हणून तो तिला म्हणाला होता, "खाला, पुढच्या वजनकाट्यावर टाकीत पाणी दिसलं की दंड होतो. तुझ्याकडं ओतू का? माझी सुटका होईल."

"मग अकाबात कशाला भरतोस, अक्कल गहाण टाकलीस का?" असं म्हणत तिनं आपली पिंपं दाखवली होती. तेव्हापासून दर फेरीला ती त्याला शिव्या द्यायची, पाणी उतरवून घ्यायची, वर चहा पाजायची. आपण या बावळटावर उपकार करतो आहोत, अशी तिची पक्की समजूत होती. चांगलं चाललं होतं.

मग ज्या कंपनीचे जव आम्ही वाहायचो, तिचा हुकूम आला. गोदामाला जव कमी पोचतात, ट्रकवाले वाटेत विकतात, असा बोभाटा झाला होता. म्हणून प्रत्येक ट्रकवर वजनाचं यंत्र बसवायचं, नाहीतर बंदरावर माल भरायचा पाळीक्रम बंद. अम्मानहून रामेज नावाचा इंजिनियर आला. पोरगा वाईट नव्हता, पण माझ्यासारखा जुना ट्रक त्यानं कधी उघडला नसावा. माझ्या एक्सलवरचा रंग त्यानं ग्राइंडरनं खरवडला. अहो, जर्मनीतला रंग होता तो! त्यावर डब्या घट्ट बसवल्या. माल चढला की एक्सल किती वाकतो, ते त्या डब्या मोजणार आणि वायरीतून केबिनमधल्या पडद्याला कळवणार, आणि तो पडदा कंपनीच्या अम्मानच्या कचेरीला चुगली करणार. वायरी न्यायला त्यानं माझ्या चासीला भोकं पाडली. एक वायर सायलेन्सरला चिकटून जळाली, ती परत ओढली. पहिला आकडा आला तो असा, की भरलेला मी रिकामा आणि रिकामा मी भरलेला. त्याचं कारण माझे स्प्रिंगचे पाटे. नकब चढायला म्हणून अबू नायफनं त्यांत जादा पाटे घातले होते, ते रामेजच्या हिशेबात नव्हते. पुन्हा सगळं उघडलं. ऊन असं की पान्ह्याला हात लावला की चटका बसत होता. रामेज स्वतःवर चिडत होता, अबू नायफ रामेजवर, आणि मी दोघांवर.

शेवटी रिकाम्या ट्रकचं वजन यंत्राला शिकवायची वेळ आली. रामेज म्हणाला, ट्रकमध्ये काही ठेवू नका. अबू नायफनं चहाची पेटी उतरवली, शेगडी उतरवली, गोंडेसुद्धा काढले. मग रामेजनं टाकीवर टकटक केलं.

"पाणी आहे आत? ओतून टाका."

"कुठं ओतू?"

"इथंच. खाली."

अबू नायफ खालच्या वाळूकडं बघत राहिला. ज्या माणसानं आयुष्यभर चहाचा पेला विसळलेलं पाणीसुद्धा झुडपाच्या मुळाशी टाकलं, त्याला टनभर गोडं पाणी वाळूत ओतायला सांगणं म्हणजे काय, हे अम्मानच्या पोराला कुठून कळणार? "टाकी भरलेलीच असते नेहमी," तो म्हणाला, "तिला ट्रकच्या वजनातच धर." रामेज इतका वैतागला होता, की त्यानं मान हलवली आणि बटण दाबलं. झालं. भरल्या टाकीसकट मी म्हणजे रिकामा ट्रक, असं त्या यंत्रानं मनात धरलं. मला तेव्हाच कळलं की हे महागात पडणार. पण मला हॉर्नशिवाय तोंड नाही, आणि तोही दुसऱ्यानं दाबावा लागतो.

पुढचं तुमच्या ध्यानात आलं असेल. दर फेरीला उम्म सुवैलमच्या तंबूपाशी आमचं वजन टनभर घटायचं, आणि अम्मानच्या पडद्यावर ते लाल रंगात दिसायचं. बकऱ्यांचा तंबू आणि तिथं कमी होणारे जव! परतीच्या वाटेला यंत्राला शिकवलेल्या वजनापेक्षाही मी हलका असायचो, पण शून्याखालचा आकडा दाखवायची त्या पडद्याला सोयच नव्हती. तो नुसता ‘रिकामा’ म्हणायचा. माझ्याच अंगाला चिकटलेलं यंत्र, आणि माझ्याच धन्याला चोर ठरवत होतं.

कंपनीच्या साहेबानं अबू नायफला बोलावलं. मी खिडकीखालीच उभा होतो, सगळं ऐकलं. गोदामाच्या काट्यावर माल पुरा भरतो, असं अबू नायफनं सांगितलं. ते खरंच होतं. बंदरावर आत जाताना आणि बाहेर येताना टाकी भरलेली, गोदामात आत जाताना आणि बाहेर येताना रिकामी. जवांत काही फरक पडतच नव्हता. साहेबानं विचारलं, गोदामाचा काटेवाला तुझा कोण? चुलतभाऊ. आणि बंदराचा? बायकोचा मामेभाऊ. साहेब हसला. अहो, त्या मुलखात कोण कुणाचा भाऊ नसतो? पण साहेबाला पुरावा मिळाला. आमचा पाळीक्रम थांबला आणि मी अकाबात घरासमोर उभा राहिलो. गल्लीतले लोक अबू नायफला सलाम करायच्या आधी क्षणभर थांबायला लागले.

मला संताप येत होता तो अबू नायफचा. बोल ना बाबा! पाणी होतं म्हणून सांग! त्याचा व्याही म्हणालाही, काय असेल ते एकदा बोलून मोकळा हो. अबू नायफनं त्याला निरोप दिला. नंतर केबिनमध्ये येऊन बसला, स्टिअरिंगवर हात ठेवला आणि मला म्हणाला, "बोललो तर संध्याकाळपर्यंत तिच्या कानावर जाईल. मग ती त्या पाण्याला हात लावायची नाही. तहानेनं मरेल, पण लावायची नाही."

शेवटी साहेबानं एक फेरी दिली. रामेज शेजारी बसणार आणि डोळ्यांनी बघणार. वजन घटलं, तर पाळीक्रमातून नाव कायमचं कमी आणि प्रकरण पोलिसांत. मी म्हटलं, चला, वाचलो. या एका फेरीला सरळ पुढं जायचं, तंबूकडं बघायचंसुद्धा नाही. अबू नायफनं मात्र नेहमीसारखी टाकी काठोकाठ भरली. चढण चढलो. वळण आलं. माझा इंडिकेटर लागला, आणि मला असं वाटलं की आता इंजिनच बंद पाडावं. पण धन्यानं वळवलं की वळायचं, हा आमचा जन्म.

उम्म सुवैलम काठी टेकत बाहेर आली. बकऱ्या माझ्या टाकीच्या नळाला चाटायला लागल्या. पिंपं पालथी पडली होती, त्यांच्या तळाला माती सुकली होती. म्हातारीचे ओठ फुटले होते.

"कुठं उलथला होतास इतके दिवस?" ती म्हणाली. "तुझ्यासाठी पिंपं रिकामी करून ठेवली ना मी!"

अबू नायफनं पाइप लावला. रामेज हातातल्या फोनवर आकडा उतरताना बघत होता. मग त्यानं पाण्याकडं बघितलं, टाकीकडं बघितलं, आणि कपाळावर हात मारला. तो काही बोलणार, तेवढ्यात म्हातारीनं काठी त्याच्याकडं वळवली. हा कोण, म्हणून विचारलं. काट्याचा माणूस आहे, असं अबू नायफ कसंबसं म्हणाला.

"बरा सापडलास. हा रडतो की पाणी दिसलं की दंड होतो. म्हणून मी उतरवून घेते. एवढं मोठं पिंप भरून घ्यायचं, राखायचं, मला काय हौस आहे? खरं सांग, होतो का दंड?"

अबू नायफ रामेजकडं बघत होता. चोर ठरवलं तेव्हासुद्धा त्याचा चेहरा असा झाला नव्हता.

"होतो, खाला," रामेज म्हणाला. "चांगला जबर होतो."

"ऐकलंस?" म्हातारी अबू नायफवरच डाफरली. मग रामेजला म्हणाली, "आणि बाकीचे ट्रक? त्या बिचाऱ्यांचं पाणी कोण उतरवून घेतं?"

"कुणीच नाही."

"मग पाठव इकडं. माझ्याकडं जागा आहे. पण एकेकाला पाठव, माझ्या बकऱ्या बुजतात."

गोदामात माल उतरल्यावर रामेजनं यंत्राला पुन्हा नवं वजन शिकवलं, या वेळी टाकी खरीच रिकामी असताना. चूक बसवतानाची होती आणि ती माझी, असं त्यानं साहेबाला सांगितलं आणि मुकाट्यानं बोलणी खाल्ली. त्या दिवसापासून पाणी मालाच्या वजनात धरलं जाऊ लागलं. म्हणजे मालाच्या ठरलेल्या मर्यादेत राहायला अबू नायफला दर फेरीला टनभर जव कमी भरावे लागले, आणि भाडं टनावर मिळतं. तो मिळेल तेवढं भाडं घ्यायचा. माझा मात्र जळफळाट झाला, आणि तो वर्षानुवर्षं टिकला.

पुढं माझं इंजिन गेलं. अबू नायफनं दुसरा ट्रक घेतला. रामेजच्या डब्या माझ्या अंगावरून काढून त्याच्यावर बसवल्या, टाकीही कापून त्याला जोडली, गोंडेही गेले. कधीमधी अबू नायफ माझा एखादा बोल्ट न्यायला येतो, तेव्हा सांगतो, की आता रांगेनं ट्रक तंबूकडं वळतात आणि म्हातारी सगळ्यांना उशीर केला म्हणून झापते. अम्मानच्या पडद्यावर सगळेच ट्रक त्या एका जागी हलके होतात. नवा साहेब आला की आधी तेच विचारतो, आणि रामेज सांगतो, "तसा नियम आहे."

मित्रांनो, तुमच्यापुढं उद्या कुणी आकडा ठेवून एखाद्याला चोर म्हटलं, तर निदान एकदा त्या जागेवर जाऊन बघा. आणि मी चिडलेला का, ते आता सांगतो. पोटाखाली जिथं टाकी होती, तिथं वारा लागतो. ज्या ओझ्यावरून मी आयुष्यभर कुरकुर केली, ते नाही म्हणून मला करमत नाही, आणि हे सांगायलाही मला उशीर झाला. भंगारवाला मला लवकरच वितळवायला पाठवणार आहे. तुमच्यापैकी कुणाला तो भेटला, तर त्याला सांगा, या लोखंडाची टाकी करायला दे. टनभर पाणी मावेल एवढं लोखंड अजून आहे माझ्यात.