खाली राहिलेलं स्ट्रेचर

मित्रांनो, वृद्धाश्रमाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खुंटीला टांगलेलं मी एक जुनं स्ट्रेचर आहे. जाड कापड, दोन दांडे आणि पट्टे, एवढाच माझा देह.

आग लागली तर वरच्या मजल्यावरच्या माणसांना माझ्यावरून खाली आणायचं, असं ठरलं होतं. दरवर्षी सराव व्हायचा. सर्वांत हडकुळ्या सिस्टरला माझ्यावर झोपवायचे आणि पाय पुढे करून जिना उतरायचे. टाळ्या वाजायच्या. मग वर्षभर मला कोणी विचारत नसे. लक्ष असे ते फक्त समोरच्या खोलीतल्या शिंपीणआजींचं. त्यांना चालता येत नव्हतं. माझा उसवलेला पट्टा त्यांनीच मांडीवर घेऊन शिवला. "माझं वजन धरूनच शिवलाय," असं त्या सिस्टरला म्हणाल्या.

एका दुपारी नदीचं पाणी आवारात शिरलं. वीज गेली, लिफ्ट बंद पडली. दम्याच्या या आजींना वर न्यायला स्वयंपाकी आणि माळी धावले. त्यांनी आजींना माझ्यावर बांधलं आणि सरावाच्या सवयीने पाय पुढे केले. पण आता जिना चढायचा होता. पाय वर गेले, डोकं खाली आलं. अर्ध्या जिन्यात आजींना श्वास पुरेना.

"अरे बाबांनो, वटवाघूळ केलंत माझं," त्या कशाबशा म्हणाल्या. "डोकं वर घ्या."

जिन्यात मला फिरवायला जागा नव्हती. दोघांना परत पाण्यात उतरावं लागलं. पाणी कमरेला लागलं होतं. मला फिरवून ते पुन्हा चढले. आजींनी शिवलेला पट्टा टिकला. वर पोचेपर्यंत त्यांचे ओठ निळे पडले होते. सिस्टरने त्यांना उशांना टेकवून बसवलं, औषध दिलं. बऱ्याच वेळाने श्वास ठिकाणावर आला.

पाणी ओसरल्यावर सगळ्या खाटा कायमच्या वर गेल्या. मला मात्र धुऊन, वाळवून पुन्हा याच खुंटीला टांगलं. समोरची खोली आता रिकामी आहे. आजींचा खोकला वरून ऐकू येतो. झाडूवाल्या मावशी सांगतात, आजी अजून माझी चौकशी करतात. "आहे की खाली," असं सगळे त्यांना सांगतात.

मित्रांनो, मला कौतुक नको. ज्यांना माझी गरज आहे, त्यांच्या उशाशी मला ठेवा. सरावाला हडकुळी सिस्टर नको, आजींनाच घ्या. उतरवा, तसंच चढवूनही बघा. कारण आजींना खाली येता येत नाही, आणि मला वर जाता येत नाही.