निळ्या कोटावरचं रफू

मित्रांनो, मी एक भिंग आहे. मसुरीच्या डाळीएवढं, मऊ, पारदर्शक. एका रफूगार बाबांच्या उजव्या डोळ्यात मला घडी घालून सरकवलं. तिथलं जन्माचं भिंग मोतीबिंदूने पिकून पिवळं पडलं होतं. त्याच्या जागी मी आलो, तो पाहुणा म्हणून नव्हे, थेट घरजावई म्हणून!

पट्टी निघाली तेव्हा बाबा कितीतरी वेळ उशीच्या अभ्र्याकडेच बघत बसले. पांढरं इतकं पांढरं असतं, हे ते विसरूनच गेले होते. निळा रंग तर त्यांना हरवलेल्या दोस्तासारखा भेटला. लेकीला, शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, सगळ्यांना सांगून झालं. मी आपला हरभऱ्याच्या झाडावर.

संध्याकाळी खाली उतरलो. रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसायला लागलं, समोरच्या गाडीच्या दिव्यातून रेघा फुटल्या. बाबा कठड्याला धरून उभेच राहिले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "हे काढून टाका." मला फार लागलं. पण खोटं कशाला बोलू? माझ्या कडेवर तिरपा उजेड पडला की तो विस्कटतो. बाईंनी समजावलं, की बाहेर टोपी घाला, कामाचा दिवा समोर न ठेवता खांद्यामागून घ्या, बहुतेकांना हळूहळू सवय होते. बाबा कुरकुरत घरी आले.

पुढच्या आठवड्यात लेक आली, फिकट निळा कोट घालून. त्याच्या कोपरावर बाबांनी दोन वर्षांपूर्वी रफू केलं होतं. आल्यागेल्याला ते बाही दाखवायचे आणि म्हणायचे, कुठे फाटलं होतं ते शोधा बघू. आज माझ्यातून त्यांना ते दिसलं. निळ्यावर हिरवट ठिगळ, चांगलं तळहाताएवढं. त्यांनी उजवा डोळा मिटला, ठिगळ गायब. डावा मिटला, ठिगळ हजर.

त्यांनी सुया डबीत भरल्या आणि डबी फडताळात वर ठेवून दिली. "इतकी वर्षं मी लोकांचे कपडे बिघडवत आलो," एवढंच पुटपुटले. त्या हातांसाठी माझा जीव तुटला.

लेकीने डबी खाली काढली. "बाबा, तुम्ही तीन दिवस वाकून बसला होतात. माझी जीभच रेटली नाही. चुकलंच माझं. आता सांगते, दोरा हिरवा आहे. उसवा." आणि कोट काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

बाबांनी जवळचा चष्मा लावला, दिवा मागे घेतला आणि उसवलं. मग दोन रिळं हातात धरून अडले. डावा डोळा म्हणे हे, मी म्हणे ते. डाव्याची सोबत साठ वर्षांची, माझी पंधरा दिवसांची. शेवटी त्यांनी डावा डोळा मिटला आणि मी सांगितलेला दोरा ओवला.

रफू झाल्यावर लेकीने बाही त्यांच्यापुढे धरली. "कुठे फाटलं होतं, शोधा बघू." त्यांनी शोधलं, पुन्हा शोधलं. शेवटी बोटाने चाचपून सापडलं. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मीही न्हाऊन निघालो.

आता डाव्या डोळ्यातही माझा भाऊ येणार आहे. मित्रांनो, आम्हाला जपा, चोळू नका, थोडं सांभाळून घ्या. आणि तुमच्या घरात कुणी निळ्याला हिरवा दोरा लावत असेल, तर प्रेमापोटी मूग गिळून बसू नका. प्रेमानेच सांगा.